एकट्याला बोट मिळत नाही

आमच्या घरात बोलण्याची एक पद्धत आहे. जे आपल्याला हवं असतं ते आधी दुसऱ्याला देऊ करायचं. ताटातला शेवटचा पापलेटचा तुकडा असो, नाहीतर पंख्याखालची जागा असो. दुसऱ्याने म्हणायचं, नको, तूच घे. आपण म्हणायचं, छे छे. त्याने पुन्हा आग्रह करायचा, आपण पुन्हा मान हलवायची, आणि तिसऱ्या खेपेला अगदी नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून तुकडा उचलायचा. वडिलांनी हे आम्हा दोघा भावांना गिरणगावातल्या एका खोलीत शिकवलं. पुढे दादा दहिसरला गेला, मी बोरिवलीत आलो, खोल्या वाढल्या, पण पद्धत तीच राहिली. तिच्यापायी मी आयुष्यात बरेच तुकडे गमावले आहेत, कारण कधीकधी समोरचा माणूस पहिल्याच खेपेला "बरं" म्हणतो.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा असंच झालं.

बायकोला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कन्यादानाला आईवडील जोडीने बसतात. बाप एकटा उरला असेल तर दोन रस्ते असतात. एक म्हणजे त्याने कमरेला सुपारी खोचून बसायचं. ती सुपारी म्हणजे बायको. किंवा मग घरातल्या दुसऱ्या कुणा जोडप्याने बसायचं, काका-काकीने वगैरे. आम्ही दादाच्या हॉलमध्ये चहा पीत होतो, विषय निघाला, आणि मी म्हणालो, "दादा, तुम्ही दोघंच बसा."

मनात मी पुढचं सगळं तयार ठेवलं होतं. दादा म्हणेल, वेडा काय, बाप जिवंत असताना मी कशाला? मी म्हणेन, तू मोठा आहेस. वहिनी म्हणेल, भावजी, तुमचाच मान. आणि मी डोळे पुसत वगैरे हो म्हणेन.

दादाने कप खाली ठेवला, वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

एवढंच. वहिनी आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मी बिस्किट चहात बुडवून धरलं होतं, ते तुटून कपात पडलं.

लेकीला हे सांगितलं तेव्हा ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, बाबा, मी काय बरणी आहे का दान करायला? मग थोड्या वेळाने म्हणाली, तुझी इच्छा असेल ते कर, मला दोन्ही चालेल. माझी इच्छा काय आहे ते तिनेही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पंधरा दिवस मी ते पोटात घेऊन फिरलो. स्वयंपाकघरात एकटाच उभा राहून मी दादाला खडसावत असे. फार छान बोलत असे. कुकरची शिट्टी झाली की थांबायचो.

लग्न महिन्यावर आलं आणि दादाने कळवलं की रविवारी संध्याकाळी गुरुजी सामानाची यादी घेऊन त्याच्याकडे येतायत, यजमान कोण ते तेव्हाच पक्कं करायचंय, कारण पुण्याहवाचनापासून सगळं त्याच माणसाच्या हातून व्हायचं असतं. म्हणजे जे काही बोलायचं ते रविवारच्या संध्याकाळच्या आत.

आता दादाशी बोलणं ही सोपी गोष्ट नाही. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आणि ती सात वर्षं तो कधी विसरत नाही. घरी बोलायला जावं तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो. फोनवर तर "हां, ठेव" यापलीकडे त्याचं बोलणंच नसतं. म्हणून मी डोकं चालवलं. होणारा जावई बरेच दिवस म्हणत होता की काका, सगळे एकदा कुठेतरी जाऊया. मी म्हटलं, चला, रविवारी सकाळी बोटिंगला. दोन माणसांची पायडलची बोट असते. त्यात मी आणि दादा. चारी बाजूंना पाणी, रिमोट नाही, दार नाही, अर्धा तास तो माझ्या तावडीत. माझ्या आयुष्यातली ही सर्वात हुशार योजना होती असं मला तेव्हा वाटलं.

तळ्याचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. दोष रविवारचा होता, आणि थोडा माझा.

आम्ही पाच जण गेलो. दादा, वहिनी, लेक, होणारा जावई आणि मी. रांग एवढी, की तिचं शेपूट कणीसवाल्याच्या गाडीपर्यंत पोचलेलं. पाऊण तास उभे राहिलो. पाण्यात बघावं तर पाणी दिसेना. नुसते पांढऱ्या प्लास्टिकच्या हंसांचे गळे, एकात एक अडकलेले, आणि त्यांच्या पोटात बसलेले लोक एकमेकांना ओरडून सांगतायत, डावीकडे घे, अरे डावीकडे. धक्क्यावर एक माणूस भोंगा घेऊन उभा होता. तो सारखा नंबर पुकारायचा, "सात नंबर, टाइम हो गया, वापस आओ," आणि सात नंबर परत यायचं नाव घेत नव्हता, कारण सात नंबरला यायला वाटच नव्हती.

आमची पाळी आली. लाइफ जॅकेटं चढवली. माझं जॅकेट पोटावर बसेना, पट्टा पुरेना, जावयाने श्वास आत घ्या म्हणून सांगितलं आणि तेवढ्यात बांधून टाकलं. मग मी नेहमीसारखा यजमान झालो. यजमानाने शेवटी बसायचं, हे आमच्या हाडात आहे. लग्नाच्या पंगतीत मी नेहमी शेवटचा, आणि तोवर जिलेबी संपलेली असते. पहिली बोट लागली, तिच्यात मी लेकीला आणि जावयाला बसवलं. ते दोघं हसत निघूनही गेले. दुसरी बोट लागली. तिच्यात दादा बसला, आणि मी त्याच्या शेजारी पाय टाकणार, एवढ्यात वहिनी म्हणाली, मी इथेच थांबते, मला पाण्याची भीती वाटते.

आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "वहिनी, तुम्ही बसा दादाबरोबर. भीती कसली? मी येतो मागून."

वहिनी नको म्हणाली. मी आग्रह केला. ती पुन्हा नको म्हणाली. मी तिचा हात धरून तिला बोटीत बसवलं. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा मी माझी जागा स्वतःच्या हाताने देऊन टाकली आणि वर ती बोट पायाने ढकलूनही दिली.

मग माझ्यासाठी तिसरी बोट लागली. मी एक पाय आत ठेवला तर बोट लावणारा म्हणाला, "अंकल, दुसरा कौन?"

मी म्हटलं, कोणी नाही, मी एकटाच.

"अकेले को बोट नहीं देते."

का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, ऑर्डर आहे. आणि मग त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जरा जास्तच लक्षपूर्वक. कशासाठी पाहतोय ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मला सांगावंसं वाटलं की बाबा रे, तसं काही करायचं असतं तर मी पाऊण तास रांगेत उभा राहिलो असतो का, आणि तेही हे जॅकेट घालून? पण रांगेतले सगळे ऐकत होते. मी पाय काढून घेतला आणि बाजूला उभा राहिलो. जॅकेटमधून नीट वाकताही येईना. समोर दादाची बोट लहान लहान होत चालली होती.

असा प्रसंग दीड वर्षात पहिला नव्हता. हॉटेलात एकट्याला दारालगतचं टेबल देतात. सोसायटीच्या सहलीत बसमध्ये माझ्या शेजारी सगळ्यांच्या पिशव्या ठेवतात. लोक वाईट नसतात, हिशेब जोडीचा असतो. पण नियम म्हणून कुणी तोंडावर सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तेवढ्यात मागून एक आवाज आला, "मला ठेव ना त्याच्यात. मी पण एकटीच हाय."

सत्तरीची बाई असेल. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रूस, पायात रबरी चपला. गोराईकडच्या गावातली. तिची चार नातवंडं चारजणांच्या बोटीत बसून पुढे गेली होती आणि आजी धक्क्यावर उरली होती. बोटवाल्याने आम्हा दोघांना एकेकदा पाहिलं, दोन उरलेल्यांची एक जोडी झाली म्हणून त्यालाही बरं वाटलं असावं. आम्ही बसलो. मी तिला मावशी म्हटलं. तिने माझं नाव-गाव काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "पाय चालतात ना तुझे?"

तिचे चालत नव्हते, हे निघाल्यावर कळलं. म्हणजे तिचे पाय पायडलला पोचतच नव्हते. मी एकटा पायडल मारणार आणि मधला दांडा, ज्याने बोट वळते, तो तिने धरलेला. मला जायचं होतं उजवीकडे, दादाच्या बोटीमागे. तिला डावीकडे, नातवंडांच्या मागे. मी म्हटलं, मावशी, जरा या बाजूला. ती म्हणाली, पोरं उभी राहतायत बोटीत, बघ ना, पडतील मेली. मी म्हटलं, माझा भाऊ तिकडे आहे. तिने विचारलं, केवढा हाय? मी म्हटलं, बासष्ट. "मग तो पडेल तर पडू दे," म्हणून तिने दांडा डावीकडे लोटला.

आम्ही एक पूर्ण चक्कर मारून पुन्हा धक्क्यासमोर आलो. भोंगेवाला म्हणाला, "एकवीस नंबर, ऐसा गोल गोल मत घुमाओ." एकवीस आमचाच.

मग तह झाला. आधी तिची नातवंडं, मग माझा भाऊ. गुडघे करकरत होते. प्रत्येक दहा पायडलांनी कुणीतरी येऊन धडकायचं. एका बोटीतल्या नवराबायकोने आम्हाला धडक देऊन वर आम्हालाच सुनावलं, की जमत नाही तर आजीला घेऊन कशाला येता? मावशीने त्यांना ऐकवलं ते मी लिहीत नाही. नंतर थोडा वेळ बोटींच्या गर्दीत आम्ही नुसते अडकून राहिलो तेव्हा तिने विचारलं, "बायको नाय आली?"

मी म्हटलं, नाही. गेली ती.

"कवा?"

दीड वर्ष झालं म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. म्हणाली, "माझा म्हातारा जाऊन एकवीस वर्षं झाली. अजून कोणी दारात येऊन विचारला तर मी बोलते, हाय घरात, झोपलाय." मग पुढच्या हंसाच्या शेपटीला हात लावून तिने तो बाजूला ढकलला आणि म्हणाली, "चल, वाट झाली. मार पाय."

तिची नातवंडं सापडली. तिने त्यांना बसायला लावलं, एकीचं जॅकेट लांबूनच बांधवून घेतलं, आणि शब्द पाळून दांडा माझ्या बाजूला वळवला. तोवर आमचा अर्धा तास जवळजवळ संपत आलेला. भोंग्यावरून एकोणीस नंबरला बोलावणं सुरू होतं. एकोणीस दादाची बोट. ती परत का येत नाहीये ते जवळ गेल्यावर दिसलं.

वहिनीची ओढणी पायडलमध्ये गेली होती. दादा कमरेत वाकून, डोकं पार खाली घालून ती ओढत होता, आणि जितकी ओढेल तितकी ती आत आवळत होती. बोट आडवी होऊन बरोबर अरुंद जागेत अडकलेली. तिच्या पुढेमागे दहा-बारा बोटी. कोणी शिट्ट्या मारतंय, कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढतंय. वहिनी एका हाताने वरचा दांडा धरून बसलेली, दुसऱ्या हाताने गळ्यापाशी ओढणी सैल धरलेली. तिचे डोळे मिटलेले होते. मी तिला आग्रह करून बसवलं होतं.

आम्ही त्यांच्या बोटीला जाऊन टेकलो. दादाला कळलं की मी आलोय, पण त्याने मान वर केली नाही. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, शर्टावर घामाचा मोठा डाग पडलेला. आणि का कोण जाणे, मला वाटलं, आत्ताच. पाठीशी बोलणं सोपं होतं. एकदा हा माणूस सरळ होऊन बसला की पुन्हा सात वर्षांनी मोठा होईल.

"दादा, कन्यादानाला मी बसणार," मी म्हणालो. "सुपारी लावून. तुम्ही नाही. मीच."

गर्दीतून ऐकू जावं म्हणून मी बराच मोठ्याने बोललो. शिट्ट्या थांबल्या की काय असं वाटलं. शेजारच्या बोटीतला एक माणूस माझ्याकडे वळून बघत राहिला.

दादाचे हात थांबले. तो तसाच वाकलेला राहिला. म्हणाला, "आत्ता?"

मी म्हटलं, गुरुजी संध्याकाळी येतायत.

दादा रागावला की शुद्ध मराठीत रागावतो. गावचं बोलणं त्याच्या तोंडी फार क्वचित येतं. वडील गेले तेव्हा आलं होतं. तो खाली पायडलकडेच बघत, अगदी हळू म्हणाला, "मगे आदी कित्याक नाय सांगलंस?"

आधी का नाही सांगितलं, याला माझ्याकडे उत्तर होतं. मला वाटलं होतं तू नको म्हणशील. हे उत्तर मी स्वयंपाकघरात कितीतरी वेळा दिलं होतं. पण मी वहिनीकडे पाहिलं आणि ते तोंडातच राहिलं.

तिने डोळे उघडले होते. भीती कुठल्याकुठे गेली होती त्यांतली. ती माझ्याकडे नाही, समोर पाण्याकडे बघत होती.

दादा-वहिनींना मूल नाही. हे मी इतक्या वर्षांत विसरलो होतो असं म्हणणं खोटं होईल. पण त्या पंधरा दिवसांत माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नाही, हे खरं आहे. माझी लेक लहान असताना आम्ही दोघं नोकरीवर, शाळा सुटली की ती थेट काकीकडे. तिच्या वेण्या काकी घालायची. पहिल्यांदा भात शिजवायला तिला काकीने शिकवलं. बायको आजारी होती त्या सबंध पावसाळ्यात रोजचा डबा दहिसरहून आला. दादाने "बरं" म्हटलं तेव्हा वहिनी आत जाऊन इतका वेळ काय करत होती, हे मला त्या तळ्याच्या मध्यभागी, गुडघे दुखत असताना कळलं. तिच्या हातून कन्यादान होण्याची ही एकच संधी होती. मी ती तिला पहिल्याच खेपेला दिली होती, आणि ती तिने घेतली होती. आता मी सगळ्या तळ्यादेखत ती परत मागत होतो.

वहिनी म्हणाली, "ठीक आहे भावजी. आधी ही ओढणी सोडवा."

मी वाकायला गेलो तर जॅकेटमुळे वाकता येईना. मावशी दादाला म्हणाली, "ओढू नको. उलटा फिरव. जाळं होडीच्या पंख्यात गेला का पंखा उलटा फिरवायचा, मग आपोआप सुटतो." दादाने सरळ होऊन पायडल उलटे मारायला घेतले. चार-पाच फेऱ्यांत ओढणी सुटून वर आली. काठाला फाटलेली, आणि मध्ये हातभर काळं ग्रीस. वहिनीने ती पिळली, घडी घातली आणि मांडीवर ठेवून दिली. नवी होती.

धक्क्यावर उतरलो तेव्हा मावशी तिच्या नातवंडांमध्ये मिसळून गेली. जाताना मागे वळून पाहिलं नाही. लेक आणि जावई कधीचे येऊन कणीस खात उभे होते. जावयाने विचारलं, काका, मजा आली ना? आम्ही तिघांनीही हो म्हणून सांगितलं.

जावई घाटकोपरला आपल्या घरी गेला. दादा-वहिनी एका रिक्षात, मी आणि लेक दुसऱ्या रिक्षात, असे दहिसरला निघालो. लेक म्हणाली, "बाबा, अख्ख्या तळ्याने ऐकलं."

मी म्हटलं, तुला राग आला का?

"मला कशाला येईल? मला तर तूच हवा होतास. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." ती बाहेर बघत होती. "पण काकीला आधी एकटीला जाऊन सांगायचं ना रे. असं लोकांत नाही सांगायचं."

तिचं बरोबर होतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा पुढच्या रिक्षात वहिनीच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती.

दुपारी वहिनीने सगळ्यांना जेवायला वाढलं. मी ताटातलं सगळं खाल्लं, वर भात मागून घेतला, कारण नको म्हटलं असतं तर तिने आग्रह केला असता, आणि त्या दिवशी तिच्याकडून आग्रह करून घ्यायची मला लाज वाटत होती.

संध्याकाळी गुरुजी आले. वही उघडून त्यांनी विचारलं, यजमान कोण? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "हा. बापच बसेल. सुपारी लावून." टीव्ही बंद होता. त्याने तो मुद्दाम बंद केला होता की लावायचाच विसरला होता, मला माहीत नाही.

गुरुजींनी लिहून घेतलं. मग म्हणाले, ठीक, पण कन्यादानाच्या वेळी आई पाण्याची धार धरते. सुपारीला काही धार धरता येणार नाही. ती कोण धरणार?

मला एकदम वाट सापडल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, वहिनी धरतील. मला खरंच वाटलं की आता सगळं नीट होईल, दोघांचंही समाधान होईल. मी तर जरा हसलोही.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"नाही भावजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ह्यांच्याबरोबर बसले असते तर धरली असती. तुमच्या बाजूला उभी राहून नाही धरणार. ती जागा तिची आहे."

तिने ट्रे ठेवला, गुरुजींच्या चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं आणि आत गेली. दादा खिडकीतून खाली पार्किंगमध्ये बघत बसला. गुरुजींना असे प्रसंग नवे नसावेत. ते म्हणाले, काही हरकत नाही, मग धारही तुम्हीच धरायची. उजव्या हातात मुलीचा हात, डाव्या हातात झारी. चालतं शास्त्राला. फक्त धार तुटू द्यायची नाही, तेवढी सवय करा.

मी सवय केली. पुढचा महिनाभर रोज सकाळी लेक ऑफिसला गेली की मी स्वयंपाकघराच्या सिंकसमोर उभा राहायचो. डाव्या हातात झारी, उजवा हात पुढे, रिकामा. पहिले काही दिवस पाणी मनगटावरून बनियनच्या बाहीत जायचं. मग जमायला लागलं. धार बारीक हवी, जाड धरली तर पाणी लवकर संपतं आणि बारीक धरली तर हात कापतो. माझी बायको हे एका फटक्यात करू शकली असती. तिचा हात तेल ओतताना कधी कापला नाही. मी हे कुणाला दाखवलं नाही. लेकीला एकदा ओट्यावर पाणी दिसलं, तिने विचारलं, नळ गळतोय का? मी म्हटलं, हो, प्लंबरला सांगितलंय.

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला होता. घाटकोपरची मंडळी वेळेच्या आधी आलेली. मी सोवळं नेसून, कमरेला सुपारी खोचून पाटावर बसलो. शेजारचा पाट गुरुजींनी काढून घेतला नव्हता, तो तसाच होता. लेकीने तिचा हात माझ्या हातात दिला. बोटं गार पडली होती तिची. खाली जावयाची ओंजळ आली. गुरुजींनी खूण केली आणि मी डाव्या हाताने झारी तिरकी केली.

धार चांगली सुरू झाली. मंत्र चालू होते, मी वर बघत नव्हतो, फक्त पाण्याकडे बघत होतो. लेकीचा अंगठा माझ्या तळव्यावर दोनदा दाबला गेला. तिने मुद्दाम दाबला की नुसता हलला, सांगता येत नाही. पण माझा हात हलला आणि धार तुटली. क्षणभरच. थेंब थेंब झाली.

मी मान वर केली. पहिल्या रांगेत वहिनी खुर्चीतून अर्धी उठली होती, हात पुढे आलेला. तोवर मी झारी सावरली, धार पुन्हा लागली. वहिनीने हात मागे घेतला, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि पुन्हा खाली बसली.